पालकांनी बाहेर थांबावे

पेशंटला ‘आ करा’ म्हणायच्या आधी सिस्टरांचं स्वतःचं तोंड उघडलेलं असायचं. मास्कच्या आत. तोंड दिसायचं नाही, पण हनुवटी खाली जायची, मास्क ताणला जायचा आणि नाकावरून घसरून ओठांवर यायचा. बाळाला भरवताना आई घास पुढे करते आणि स्वतःच तोंड उघडते, तुम्ही पाहिलं असेल. अगदी तसंच. डॉक्टर वर न बघता म्हणायचे, “सिस्टर, मास्क.” त्या कोपरानं मास्क वर सारायच्या, “सॉरी डॉक्टर,” म्हणायच्या आणि पुढच्या पेशंटला परत तेच.

मी त्या दवाखान्यात केर-लादी करते. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, खाली मेडिकल आणि झेरॉक्सचं दुकान. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता-लिहिता येतं, पण चार माणसांत बोलायला जमत नाही. सिस्टरांशी मात्र बोलायची. त्या गेल्यापासून बोलणं साठून राहतं, म्हणून हे लिहिते आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडायचं नाही. सगळे सिस्टरच म्हणायचे, पण त्या नर्स नव्हत्या. कल्याणच्या कॉलेजातून बारावी सायन्स झालेल्या. वडील अचानक गेले, भावाचं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून थोडे दिवस म्हणून दवाखान्यात लागल्या. भाऊ शिकला, त्याचं लग्न झालं, त्यानं खडवलीला घर बांधलं. ह्यांचे थोडे दिवस काही संपले नाहीत. चाळिशी मागे गेली. लग्नाचं राहून गेलं. मानपाड्याला एका खोलीत एकट्या राहायच्या.

“झालंच” हा त्यांचा आवडता शब्द. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कपाळावर घाम दिसला की त्या सुरू व्हायच्या, “झालंच हं, झालंच, एवढंच.” एकदा एक म्हातारे गृहस्थ तोंडात कापूस धरूनच म्हणाले, “सिस्टर, मघापासून झालंच म्हणताय, डॉक्टर तर अजून हात धुतायत!” सिस्टर इतक्या हसल्या की तोंडातलं पाणी ओढायची सक्शनची नळी हातातून निसटली. म्हातारेही हसले. त्यांची दाढ त्या दिवशी फार त्रास न देता निघाली.

मोठमोठी माणसं त्यांच्या ओढणीचा शेव धरून बसायची. एक धिप्पाड रिक्षावाला, गळ्यात जाड साखळी. इंजेक्शन बघितल्यावर म्हणाला, “मॅडम, तुम्ही इथंच थांबा, कुठं जाऊ नका.” त्या म्हणाल्या, “कुठं जाणार? एवढी वर्षं इथंच आहे.” हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीचा होता. पण मी कोपऱ्यात फडकं पिळत होते, मला तो वेगळा ऐकू आला.

आता हे परीक्षेचं कसं सुरू झालं ते सांगते.

एक बाई दाढ भरून घ्यायला आलेली. तिचा मुलगा नीटच्या परीक्षेची तयारी करत होता. डॉक्टर होण्यासाठी, दातांचा होण्यासाठीसुद्धा, बारावीनंतर ही एकच परीक्षा द्यावी लागते. ती बाई बिलासाठी थांबली असताना सांगत होती, “आता वयाची अट नाही ना, काय सांगू! आमच्या क्लासला एक टक्कल पडलेला गृहस्थ येतो. पोरं त्याला सर समजून गुड मॉर्निंग म्हणतात.” बाहेर बसलेले सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. बाई गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

“ताई, वयाची अट नाही म्हणजे? कितीही वय?”

“मला काय माहीत,” मी म्हटलं. “तुम्हीच शिकलेल्या.”

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पिशवीत रद्दीवाल्याकडची जाड पुस्तकं होती. त्यांवर कुणा दुसऱ्या मुलीचं नाव, पानांवर कुणा दुसऱ्या मुलीनं काढलेली फुलं.

मी विचारलं, “मोठ्या डॉक्टर होणार का?”

“नाही हो. दातांचीच. मला दुसरं काय कळतं?” त्या ट्रे पुसत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “इतकी वर्षं मी बाजूला उभी आहे. बाजूनं दात अर्धाच दिसतो ना. एकदा समोरून बघायचाय.”

मला ते वाक्य पटलं. कितीतरी गोष्टी मीही बाजूनंच बघितल्या आहेत.

दुपारी दवाखाना बंद असायचा. डॉक्टर जेवायला घरी जायचे. सिस्टर अवजारं धुऊन, पुसून, उकळायच्या मशीनमध्ये लावायच्या आणि मी स्टुलावर बसून प्रश्न वाचायची. पेपर मराठीतूनही मिळतो, म्हणून त्यांनी मराठीच घेतलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “तुम्हाला वाचता यावं म्हणून.” थट्टा असेल. पण मला बरं वाटलं.

“एका गुळगुळीत पृष्ठभागावर एक ठोकळा ठेवला आहे,” मी वाचायची.

“आला परत ठोकळा!”

“त्याला दोरी बांधली आहे. दोरी कप्पीवरून खाली सोडली आहे.”

“आणि दुसऱ्या टोकाला दुसरा ठोकळा. काय हो ताई, ह्या लोकांना कामधंदे नाहीत का? राहू द्या ना त्याला जागेवर.”

फिजिक्स त्यांचा शत्रू होता. केमिस्ट्री पाठ करून जमायची. बायोलॉजी मात्र त्या गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायच्या. जुन्या पुस्तकात पचनाचा धडा होता आणि त्यात दातांचं चित्र, कुठल्या प्रकारचे किती दात, सगळं. त्या दिवशी त्यांनी मला खारी-चहा पाजला. म्हणाल्या, “ताई, हा धडा तर मी झोपेतही सोडवीन.” मग खालच्या झेरॉक्सवाल्याकडे काम करणारी कॉलेजची मुलगी वर आली. तिनं पुस्तक बघितलं आणि म्हणाली, “आंटी, हा चॅप्टर डिलीट झालाय. सिलॅबसमध्ये नाहीये आता.”

सिस्टरांनी पुस्तक मिटलं. मग मला म्हणाल्या, “दातांच्या डॉक्टरची परीक्षा, आणि दातांचाच धडा काढला. ठोकळा ठेवला.”

आम्ही दोघी हसलो. पण त्या दुपारी त्यांनी पुढे काही वाचायला सांगितलं नाही.

त्या परीक्षेचा एक नियम मला आवडला होता. उत्तर चुकलं तर मिळवलेल्या गुणांतून गुण कापतात, पण प्रश्न सोडून दिला तर काही जात नाही. म्हणजे गप्प बसणाऱ्याचं नुकसान होत नाही. मी सिस्टरांना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, “पण ताई, सगळेच प्रश्न सोडले तर शून्य मिळतं.”

डॉक्टरांना आधी कळलं नव्हतं. कळल्यावर ते खो-खो हसले. मग सिस्टरांचं तोंड बघून थांबले. माणूस वाईट नाही. “अहो सिस्टर, पाच वर्षांचा कोर्स आहे. पास होऊन बाहेर पडाल तेव्हा मी कवळी लावून बसलेलो असेन.” सिस्टर म्हणाल्या, “मग मीच बसवीन ती, डॉक्टर.” डॉक्टर त्यावर खूश झाले, पण जाता जाता मला हळूच म्हणाले, “ही सीरियस आहे का हो?” मी मान डोलावली.

परीक्षेच्या आधी त्यांनी सुट्टी घेतली, तेव्हा एक बघितलं. डॉक्टर पेशंटच्या तोंडात बघत काम करत होते आणि त्यांनी उजवा हात बाजूला पसरला. काही मागितलं नाही. नुसता तळवा. सिस्टर असत्या तर हवं ते अवजार त्यात आलं असतं. हात तसाच राहिला. मग डॉक्टरांनी मान वळवून बघितलं, हात मागे घेतला आणि उठून स्वतः शोधायला लागले. कुठलं कुठं ठेवलंय तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

परीक्षेचं सेंटर ठाण्याला आलं होतं, एका शाळेत. मी बरोबर गेले, कारण दुसरं कुणी नव्हतं. मे महिन्याचं ऊन. रिक्षातून उतरलो तर फाटकाबाहेर जत्रा. आया, बाबा, पाण्याच्या बाटल्या, कुणी देवाचा अंगारा लावतंय, कुणी शेवटचं सूत्र घोकतंय. फाटकावरच्या माणसानं सिस्टरांना हातानं अडवलं.

“पालकांनी बाहेर थांबायचं. फक्त कॅंडिडेट आत.”

सिस्टरांनी ॲडमिट कार्ड पुढे केलं. त्यानं कार्ड बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, परत कार्ड बघितलं. कार्डावरचा फोटो तर त्यांचाच होता. मागच्या मुली खुसखुसल्या. सिस्टरांचे कान लाल झाले. मला वाटलं आता त्या मागे वळतील. माझ्यासारखी असती तर वळलीच असती.

“कानातलं काढा,” तो माणूस म्हणाला. आत धातूचं काही चालत नाही.

त्यांनी कानातल्या रिंगा काढून माझ्या हातात दिल्या आणि आत गेल्या. मागे बघितलं नाही.

मी झाडाखाली पालकांमध्ये बसले. शेजारच्या बाईनं शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. “तुमची मुलगी का मुलगा?” “मुलगी,” मी म्हटलं. “माझीही. फार टेन्शन घेते हो,” ती म्हणाली. “हो,” मी म्हटलं, “आमची पण.” एवढं बोलून मला घाम फुटला.

सुटल्यावर सिस्टर गर्दीत शेवटी आल्या. चेहरा ओढलेला.

“कसा गेला?”

“ठोकळा होता,” त्या म्हणाल्या. “पण मी ढकलला त्याला.”

निकाल आला तेव्हा त्या पास होत्या. आता इथं थोडं समजावून सांगायला हवं, कारण मलाही ते कळायला वेळ लागला. पास होणं म्हणजे जागा मिळणं नाही. पास झालेले पुष्कळ असतात, जागा थोड्या. मग कॉलेजांची यादी आपल्या आवडीच्या क्रमानं भरून द्यायची. गुणांप्रमाणे जागा वाटतात. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. ज्याला त्याला आपले गुण ‘काठावर’ वाटतात. सिस्टरांचे तर खरोखर काठावर होते.

“लागेल का हो ताई?” दिवसातून कितीदा तरी विचारायच्या. मी काय सांगणार! “लागेल,” म्हणायची. “कशावरून?” म्हणायच्या.

खालच्या मुलीनं सांगितलं, ठाण्याला स्टेशनजवळ एक सर आहेत, गुण ऐकून कुठं लागेल ते सांगतात, सल्ला देतात. एका दुपारी आम्ही बसनं गेलो. लहानसं ऑफिस, बाहेर बाकड्यावर आई-बाबांची रांग. नंबर आला. सर तरुण होते, केस मागे वळवलेले, समोर लॅपटॉप. आम्हाला बसायला सांगितलं आणि मान वर न करता विचारलं, “हं, मुलीचे मार्क?”

सिस्टरांनी आकडा सांगितला.

“अटेम्प्ट?”

“पहिलाच.”

आता त्यांनी मान वर केली. “फर्स्ट अटेम्प्टला एवढे? क्लास कुठला?”

“क्लास नाही. घरीच केला अभ्यास.”

“क्या बात है! हुशार आहे हो मुलगी.”

मी सिस्टरांकडे बघितलं. आता त्या म्हणतील, अहो, मुलगी नाही, मीच. त्यांचे ओठ हललेही. पण बाहेर आलं ते वेगळंच. “हो,” त्या म्हणाल्या, “फिजिक्सला जरा घाबरते.”

“घाबरतात सगळ्याच. एमबीबीएस विसरा. डेंटल चालेल तिला?”

“तिला डेंटलच हवंय.”

“गुड. आता ऐका मॅडम.” सरांनी लॅपटॉप वळवला. मागच्या वर्षी कुठल्या कॉलेजातली शेवटची जागा किती गुणांना गेली ते दाखवलं. “जवळच्यांना चान्स कमी आहे, पण अगदी नाही असं नाही. लांबचं विदर्भात, मराठवाड्यात मिळून जाईल. पण मी काय म्हणतो, लहान पोर आहे. एवढ्या लांब एकटीला कशाला टाकता होस्टेलवर? आजकाल दिवस कसे आहेत! जवळचीच भरा. नाही लागलं तर ड्रॉप घेऊ द्या, पुढच्या वर्षी बसेल परत. वय काय पळून चाललंय तिचं?”

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. “लांब नाही पाठवणार मी तिला.”

बसमध्ये आम्ही खिडकीशी बसलो. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या.

“बघितलं ना ताई, केवढी हुशार आहे माझी लेक!”

“तुमच्यावर गेली असेल,” मी म्हटलं.

“फिजिक्स बापावर गेलं.”

आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पुढचा माणूस वळून बघत होता. शिळफाट्याला बस थांबून राहिली तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “वेळेवर झालं असतं सगळं तर यंदाच बारावी झाली असती तिची.”

मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. मला याहून जास्त काही येत नाही.

त्यानंतर ती लेक आमच्यात राहायलाच आली. सकाळी आल्यावर मी विचारायची, “काय म्हणते लेक?” “रात्रभर यादी बघत बसली, डोळे सुजलेत,” त्या सांगायच्या. “खाल्लं का काही?” “पोळी टाकून उठली.” एकदा पेशंटनं ऐकलं. “सिस्टर, तुम्हाला मुलगी आहे? कधी बोलला नाहीत.” सिस्टर ट्रेकडे बघत म्हणाल्या, “आहे ना. बीडीएसला जाईल आता.” “वा! पेढे पाहिजेत,” ती बाई म्हणाली. तिनं आ केला, सिस्टरांनीही केला, डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, मास्क.”

कॉलेजांचा क्रम त्यांनी खालच्या दुकानात बसून भरला. मी मागे उभी होते. मुंबई, नवी मुंबई, ठाणे. संध्याकाळी घरी परत येता येईल तेवढीच. ती दुकानातली मुलगी म्हणत होती, “आंटी, खाली अजून टाका ना, भरायला काय जातंय?” सिस्टर म्हणाल्या, “नको गं. लांब नको. होस्टेल नको.”

पहिल्या फेरीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. “पहिलीत कुणाचं लागतं?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीतही नव्हतं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी अवजारं धुतली, पुसली, मशीनमध्ये लावली. मशीन सुरू करायला विसरल्या. मी चहा ओतला. तो समोर ठेवूनही त्यांचं लक्ष नव्हतं. खालच्या मुलीनं येऊन सांगितलं होतं की त्यांच्यापेक्षा कमी गुण असलेल्या एकीला विदर्भात जागा लागली. सांगून ती निघून गेली होती.

“ताई,” त्या म्हणाल्या, “मी फॉर्म कोणासाठी भरला हो?”

मला कळलं नाही.

“लांब नको. होस्टेल नको. रात्रीचा प्रवास नको. एकटी कशी राहील. हे कोणासाठी?” आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली आला होता. “त्या सरांनी तिच्यासाठी सांगितलं, मी पण तिच्यासाठीच भरला. काळजी करत बसले. मला कुठं कुणी अडवलंय? वडील गेल्यापासून एका माणसानं मला विचारलेलं नाही, इतका उशीर का झाला म्हणून. मी मानपाड्याला राहिले काय आणि तिकडे टोकाला राहिले काय, कुणाच्या घड्याळात फरक पडणार आहे?”

माझ्या मनात आलं, माझ्या पडेल. मी रोज सकाळी त्यांनी शटर वर केल्याचा आवाज ऐकून जिना चढते. पण हे बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, “मग तिसऱ्या फेरीला भरा की लांबचं.”

“लागलं तर जावं लागेल.”

“मग जा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, बराच वेळ. “आणि नाही लागलं तर? आता थोड्याच जागा उरल्यात. परत बसायला माझ्याकडे वर्षं कुठं आहेत? ती सतरा वर्षांची आहे. मी नाही.”

“चहा घ्या,” मी म्हटलं. “मग खाली जाऊ.”

त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. खाली गेलो. या वेळी त्या मुलीला म्हणाल्या, “अगं, ती सगळी टाक. नकाशात जेवढी आहेत तेवढी. जवळची शेवटी राहू दे.” ती मुलगी खूश झाली. “आंटी, फीचं बघितलंय ना?” “बघितलंय. मुलींची फी आता बरीचशी सरकार भरतं. मी फोन करून विचारलं. वय नाही विचारत ते.” मुलगी एकेक कॉलेज टाकत होती आणि सिस्टर गावांची नावं मोठ्यानं वाचत होत्या. त्यातली काही आम्ही दोघींनी कधी ऐकलीही नव्हती.

यादीची वाट बघण्याचे दिवस फार वाईट गेले. लेकीची थट्टा बंद झाली. मी एकदा सवयीनं विचारलं, “काय म्हणते लेक?” तर त्या म्हणाल्या, “ती गेली ताई. आता मी एकटीच आहे.” पण दुःखानं म्हणाल्या नाहीत. हातातलं काम करत, साधं सांगावं तसं.

यादी लागली तेव्हा खुर्चीत पेशंट होता. खालची मुलगी जिन्यावरूनच ओरडत आली, “आंटी, लागलं! लागलं!” सिस्टरांच्या हातात सक्शनची नळी होती. त्यांनी ती पेशंटच्या तोंडातून काढली नाही. काम पूर्ण होईपर्यंत उभ्या राहिल्या. डॉक्टरांनीच शेवटी हात थांबवले आणि म्हणाले, “सिस्टर, जा. बघून या.” त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, “झालंच डॉक्टर. एवढंच राहिलंय.”

विदर्भातलं कॉलेज होतं. हजर व्हायला थोडेच दिवस होते. भावाला फोन केला. तो आधी म्हणाला, “ताई, आता ह्या वयात?” दुसऱ्या दिवशी स्वतः खडवलीहून आला आणि एक नवी बॅग देऊन गेला, चाकं असलेली. डॉक्टरांनी काही दिलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी दवाखाना बंद करताना म्हणाले, “खुर्चीत बसा सिस्टर, तुमचे दात कधी बघितलेच नाहीत मी.” त्या खूप लाजल्या. बसल्या. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. एक दाढ किडली होती. त्यांनी ती भरून दिली. मी बाजूला उभी राहून नळी धरली. मला ते काही जमत नव्हतं.

कल्याणला गाडीत बसवायला मी आणि भाऊ गेलो. खिडकीच्या आत त्या, बाहेर आम्ही. शेजारी एक कुटुंब बसलं होतं, त्यांनी विचारलं, “कुठं निघालात? मुलीकडे का?” सिस्टर म्हणाल्या, “नाही. कॉलेजला.” ते हसले, त्यांना थट्टा वाटली. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात हलवला, पण तोपर्यंत त्या शेजारच्या बाईला काहीतरी समजावून सांगायला लागल्या होत्या. हात हवेत होता आणि तोंड तिकडे.

आता दवाखान्यात नवी मुलगी आहे. चांगली आहे. दुपारी कानात बटणं घालून फोनवर बघत बसते. तिच्या भाषेत मला बोलता येत नाही, आणि माझ्या भाषेत ती बोलत नाही. मी लादी पुसते आणि घरी येते.

पहिल्या महिन्यात सिस्टरांचे फोन रोज यायचे. मुली त्यांना मम्मी म्हणतात, मेसचं वरण पाणचट असतं, पहिल्या बाकावर बसल्या तर मागच्यांना दिसत नाही म्हणून उठवतात, असं सगळं. फिजिक्स नाही म्हणून त्या किती खूश आहेत ते तर पुनःपुन्हा. मग आठवड्यानं यायला लागले. आता कधीतरी येतो. अभ्यास असतो. मी स्वतःहून करत नाही. वर्गात असतील, मधेच वाजला तर सगळे बघतील.

परवा रविवारी आला. तिथं मेणाचे दात कोरायला लावतात. हातात मेणाचा ठोकळा देतात आणि त्यातून दाढ काढायची. मी म्हटलं, “म्हणजे ठोकळा सुटला नाहीच.” त्या हसल्या, पण घाईत हसल्या. मागे मुलींचा गलका होता, कुणीतरी ‘मम्मी, तुमची बघू’ म्हणत होतं. दाढेला चारी बाजू असतात, त्या सांगत होत्या, आणि गालाकडची बाजू आणि जिभेकडची बाजू सारखी नसते, आणि इतकी वर्षं हे आपण बघितलंच नव्हतं. त्या भराभर बोलत होत्या. मला सगळं कळलं नाही. मी “हो, हो” म्हणत होते. नव्या मुलीबद्दल सांगायचं होतं. डॉक्टर हल्ली लवकर थकतात, तेही सांगायचं होतं. ते पुढच्या वेळी सांगू म्हटलं.

“ठेवते हं ताई. अर्धीच झालीय, संध्याकाळी दाखवायची आहे.”

“बरं,” मी म्हटलं. “जेवत जा वेळेवर.”

पण त्यांनी आधीच ठेवला होता.